पडद्यावरची राधिका आणि सातऱ्यावरची बाई

मराठी दूरचित्रवाणीला नागपूरच्या बाईचा शोध बराच उशिरा लागला. ऑगस्ट २०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये ती संपली. या साडेचार वर्षांत राधिका सुभेदार हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. माहेर नागपूरचे, बोली नागपुरी, संसार मुंबईत, नवरा मोठ्या कंपनीत नोकरीला आणि त्याचे मन कचेरीतील एका तरुणीत गुंतलेले, असा हा मामला होता. बायकोचे बोलणे, तिचे कपडे, तिच्या हातचा झणझणीत स्वयंपाक, सगळ्याचीच गुरुनाथला लाज वाटे. पुढे ही बाई मसाल्याचा धंदा सुरू करते, ‘राधिका मसाले’ नावाची कंपनी उभी राहते, ती तीनशे कोटींची होते, नवऱ्याशी घटस्फोट होतो आणि राधिका पुन्हा लग्न करून नवा संसार मांडते. तीनशे कोटींच्या आकड्याची त्या काळात पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणारे बहुधा पुरुष होते आणि तीनशे कोटींची किंमत त्यांना ठाऊक होती असेही नाही; परंतु थट्टेत विरून जावा इतका हा विषय किरकोळ नाही. लाखो स्त्रियांनी रोज संध्याकाळी जे पाहिले, त्यातून ‘पुढे जाणे’ म्हणजे काय याचा एक अर्थ त्यांच्या मनात रुजला. तो अर्थ तपासणे हे समाजवाद्यांचे काम आहे.

प्रथम मालिकेच्या पदरात तिचे माप घालावयास हवे. नागपूर ही १९५६ पर्यंत एका प्रांताची राजधानी होती, आकाशवाणीचे केंद्र येथे १९४८ पासून आहे, तरीही मुंबई-पुण्याच्या मनोरंजनसृष्टीने वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीला दिलेले स्थान विदूषकाचेच राहिले. ‘काहून’ किंवा ‘बाप्पा’ असा शब्द उच्चारला की सभागृहात हशा पिकावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. ती बोली बोलणारी बाई नायिका होते, तिला हसणाराच शेवटी हास्यास्पद ठरतो, ही गोष्ट महाल, इतवारी, सक्करदऱ्याच्या स्त्रियांना सुखावून गेली असल्यास त्यात नवल नाही. बोलीची अवहेलना ही वर्गीय अवहेलनेचीच एक तऱ्हा असते, आणि तिचे परिमार्जन कोणी व्यापारी हेतूने केले तरी ते परिमार्जनच.

दुसरे माप काळाचे. १९९१ साली ‘माहेरची साडी’ या चित्रपटाने महाराष्ट्रात गर्दीचे विक्रम केले. विजय कोंडके यांच्या या चित्रपटात अलका कुबल यांची नायिका सोसते, सोसतच राहते, आणि तिच्या सोसण्यातच तिचा मोठेपणा आहे असे प्रेक्षकांना सांगितले जाते. गावोगावच्या तंबूंतून स्त्रिया पदर डोळ्यांना लावून बाहेर पडत. त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्याच प्रेक्षकवर्गाने, निदान त्याच्या मुलींनी, नवऱ्याला सोडून पुन्हा लग्न करणाऱ्या बाईला घरच्या दिवाणखान्यात बसवून घेतले. हा बदल लहान नाही. पुरोगामी मंडळींना दूरचित्रवाणीचा उल्लेख झाला की ‘चंगळवाद’ हा एकच शब्द सुचतो. त्यांनी येथे थोडे थांबावयास हवे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा भारतातील केबल दूरचित्रवाणीविषयीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, गोवा, तामिळनाडू व दिल्ली येथील कुटुंबांची पुनःपुन्हा पाहणी करून त्यांनी दाखविले, की ज्या खेड्यांत केबल नव्याने पोहोचली तेथे नवऱ्याने मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह सैल झाला, आणि घरातील निर्णयांत बाईचा शब्द थोडा अधिक चालू लागला. ब्राझीलमध्येही मालिकांचे प्रक्षेपण पोहोचले त्या भागांत जननप्रमाण घटल्याचे संशोधकांना आढळले आहे. पडद्याचा परिणाम होतो, आणि तो सर्वस्वी वाईट नसतो, हे त्यामुळे मान्य करून पुढे गेले पाहिजे.

मात्र परिणाम कोणत्या दिशेने होईल हे लेखकाच्या हेतूवर ठरत नाही, याचाही पुरावा आहे. ‘हम लोग’ ही मालिका १९८४ मध्ये दूरदर्शनने सुरू केली ती कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा यांविषयी लोकशिक्षण व्हावे म्हणून. तीत भागवंती नावाची सोशिक आई होती. तिच्याकडे पाहून असे जगू नये हे प्रेक्षकांनी शिकावे, अशी योजना होती. अभ्यासकांनी नंतर पाहिले तेव्हा अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श ठरविलेले आढळले. पाहणारी बाई पडद्यावरून काय उचलते हे तिच्या घरातल्या परिस्थितीवर ठरते. आणि त्याच ‘हम लोग’च्या प्रायोजकत्वातून झटपट शिजणाऱ्या शेवया मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत शिरल्या; हेतू फसला तरी जाहिरात फसली नाही.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. मालिका हा धंदा आहे, आणि त्या धंद्यात माल म्हणून विकली जाते ती मालिका नव्हे. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्मिथ यांनी १९७७ मध्येच हे मांडले होते: प्रसारमाध्यमे प्रेक्षक तयार करतात आणि जाहिरातदारांना विकतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतील साबणाच्या कारखानदारांनी दुपारच्या रेडिओ-नाट्यांना पैसा पुरविला तो गृहिणींचे कान विकत घेण्यासाठी. त्या नाट्यांना ‘साबणाची’ म्हणण्याचा प्रघात तेव्हापासूनचा. मराठीत हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर आला तो १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाल्यानंतर. बाईच्या संध्याकाळच्या दोन तासांना बाजारभाव आला.

ते दोन तास तरी मोकळे असतात काय? केंद्र सरकारच्या २०१९ मधील वेळ-वापर पाहणीनुसार ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष घरकामात विनावेतन भाग घेत होते. भाग घेणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, स्त्रीची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाने आपलीही नऊ वाचवून घेतली! मालिकेत एकच संवाद तीनदा का येतो, एखादीने दचकून पाहिले तर ढोल तीनदा का वाजतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. प्रेक्षक बाई पडद्यासमोर बसलेली नसते. ती ओट्याशी पोळ्या लाटत कान देऊन असते. जे डोळ्यांना दिसणार नाही ते कानांना पुन्हा सांगावे लागते. टीकाकार ज्याला मालिकांचा बटबटीतपणा म्हणतात, त्यातील बराचसा भाग बाईच्या न संपणाऱ्या कामाने घडविलेला आहे.

अशा प्रेक्षकाला काय इच्छावयास शिकविले जाते? ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि दीर्घकाळ अफाट लोकप्रिय राहिला. ‘भावोजी’ घरी येतात, वहिनींची चौकशी करतात, सासूला दोन शब्द बोलते करतात, खेळ होतो आणि जिंकणारीला पैठणी मिळते. ज्या बाईचे नाव घराबाहेर कोणी विचारले नव्हते तिला तासभर मान मिळतो, आणि त्या मानाची भूक किती खरी आहे हे ज्याने तिचा चेहरा पाहिला असेल त्याला सांगावे लागत नाही. पण मान मिळतो तो वहिनी म्हणून. ती शिक्षिका असो, परिचारिका असो, शेतमजूर असो, पडद्यावर येताना हुद्दा एकच: घराची मंत्री, बिनपगारी आणि बिनखात्याची. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ नावाने स्पर्धा झाली तेव्हा पैठणीची किंमत अकरा लाख रुपये सांगण्यात आली. येवल्याच्या मागावर बसणाऱ्या विणकराच्या घरातील बाईने, जिच्या हातांनी रेशीम उकलले आणि कांड्या भरल्या, ती पैठणी नेसण्याची इच्छा धरावी काय, हा प्रश्न त्या खेळात विचारला जात नाही.

राजकारणानेही ही नात्यांची भाषा उचलली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये महिना पंधराशे रुपयांची योजना आणली, तिचे नाव ‘माझी लाडकी बहीण’. पंधराशे रुपये गरीब बाईच्या हातात काय करतात याची टिंगल पोटभर जेवणाऱ्यांनी करू नये. औषध, वह्या, गॅसचा सिलिंडर हे त्यातूनच होते. तथापि नावात ‘नागरिक’ नाही, ‘बहीण’ आहे, आणि तीही ‘माझी’. बहिणीला ओवाळणी मिळते. हक्क मागितला की ती भांडकुदळ ठरते. वाहिनीवरचे भावोजी आणि मंत्रालयातले भाऊ यांचे हे साम्य योगायोगाचे नव्हे.

आता तीनशे कोटींकडे वळावे. आकडा उलाढालीचा की मालमत्तेचा ही बाब क्षणभर बाजूला ठेवली आणि तो वर्षाच्या विक्रीचा आहे असे धरले, मसाला सरासरी तीनशे रुपये किलोने विकला जातो असेही धरले, तर वर्षाला एक कोटी किलो, म्हणजे दहा हजार टन मसाला लागतो. वर्षाचे तीनशे दिवस काम चालले तर रोज तेहतीस टन. हा काही आजीच्या पाककृतीने आणि घरच्या खलबत्त्याने होणारा उद्योग नाही. या मसाल्यात निम्मी मिरची धरली तर पन्नास लाख किलो मिरची हवी, आणि त्या प्रत्येक मिरचीचा देठ कोणीतरी हाताने खुडलेला हवा. एका बाईने दिवसभरात वीस किलो मिरची साफ केली असे गृहीत धरले तर अडीच लाख दिवसांचे काम झाले. हंगाम शंभर दिवसांचा मानला तर अडीच हजार बाया. आकडे गृहीत आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. पण या अडीच हजार बाया नाहीशा होणार नाहीत. राधिकेच्या कंपनीचा पाया त्या आहेत, आणि साडेचार वर्षांच्या कथेला गती दिली ती मात्र नवरा, सवत आणि सूड यांनी.

नागपूर जिल्ह्यात त्या बाया खऱ्या आहेत. भिवापूरची मिरची तिखटासाठी आणि रंगासाठी प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. भिवापूर, कुही तालुक्यातील मांढळ आणि शेजारच्या भंडारा-चंद्रपूरच्या पट्ट्यात मिरचीचे सातरे लागतात. सातरा म्हणजे व्यापाऱ्याने मिरची पसरण्यासाठी घेतलेली मोकळी जागा, जेथे सकाळपासून ओळीने बसलेल्या स्त्रिया मिरचीचे देठ खुडतात, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढतात आणि संध्याकाळी वजन करून देतात. मजुरी किलोवर. हजेरीपट, सुट्टी, आजारपणाचा पैसा हे शब्द या कामाला अपरिचित आहेत. बोटांची आग रात्री झोपू देत नाही, ठसक्याने छाती भरते, तान्हे मूल असेल तर ते त्याच हवेत बाजूला निजविलेले असते. धानाची कापणी आटोपलेली, रानात दुसरे काम नाही, म्हणून बाया येतात. आणि दुसरे काम नाही हे ठाऊक असल्यामुळेच किलोचा दर वाढत नाही. येथून माल कळमन्याच्या बाजारात आणि दूरच्या गिरण्यांत जातो आणि पुढे चकचकीत पुड्यांत भरून, पडद्यावरील हसऱ्या गृहिणीच्या हातून, ‘आईच्या हातची चव’ म्हणून परत येतो.

सातऱ्यावरची बाई संध्याकाळी घरी जाऊन राधिकेला पाहत नसेल असे नाही. ती पाहते आणि तिला राधिका आवडते. तिने काय इच्छावे, याविषयी मालिका तिला सांगते, की तूही मालकीण हो. देठ खुडण्याचा दर वाढवून माग, सावली माग, पाळणाघर माग, असे सांगणारे त्या कथेत कोणी नाही. अर्थशास्त्रात अलीकडे आकांक्षांचा विचार होऊ लागला आहे. देबराज राय यांच्या मांडणीचा सारांश असा, की डोळ्यांसमोरचे ध्येय हाताच्या थोडे पुढे असेल तर माणूस झटतो; ते अतोनात दूर असेल तर तो खचतो आणि झटणेच सोडतो. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईसमोर तीनशे कोटींचे ध्येय ठेवणे आणि मधल्या सगळ्या पायऱ्या अंधारात ठेवणे, याचा परिणाम दुसरा होणे कठीण.

मालकीच व्हावयाची तर तिचेही दुसरे नमुने महाराष्ट्रात आहेत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास घेतले. पहिल्या वर्षाची विक्री सहा हजार रुपयांच्या आसपास होती. आज ‘लिज्जत’ची उलाढाल हजार कोटींच्या पलीकडे आहे, सभासद भगिनींची संख्या हजारोंत आहे, आणि पापड लाटणारी प्रत्येक सभासद ही संस्थेची सहमालक आहे. राधिका मसाल्यांपेक्षा कितीतरी मोठा उद्योग खरोखर उभा राहिला, आणि त्याला एक नायिका नाही! कदाचित म्हणूनच तो मालिकेच्या साच्यात बसत नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले ते गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. चूल, मसाला, हाताची चव, नवऱ्याची बेकारी किंवा व्यसन, असे मालिकेला लागणारे सगळे साहित्य त्या इतिहासात भरपूर आहे. फक्त तेथे बाई एकटी जिंकत नाही.

नागपूरच्या मसाल्यालाही असाच इतिहास आहे. सावजी जेवणाची जी ख्याती आज देशभर झाली ती मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरची. हातमाग बसला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि मागावर पोट भरेना तेव्हा या वस्त्यांतील अनेक कुटुंबांनी घराच्या पुढच्या खोलीत भोजनालय काढले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज त्याच नावाचा मॉल आहे. त्या मॉलमधील मोठ्या पडद्यावर स्त्रीच्या यशाची चित्रे झळकतात. सावजी मसाला वाटणाऱ्या बाईच्या मागे एक बुडालेला उद्योग उभा आहे, हे त्या चित्रांत मावत नाही.

मालिकेतील स्वप्न आणि शासकीय धोरण एकमेकांस किती पूरक आहेत हे श्रमबलाच्या आकड्यांवरून दिसते. नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. यावर सरकारने आनंद व्यक्त केला. परंतु याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमधील स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेले आणि नियमित पगारी स्त्रियांचे २१ वरून १५.९ टक्क्यांवर आले. स्वयंरोजगारितांतही निम्म्याहून अधिक जणी घरच्या शेतात वा दुकानात बिनमोल राबणाऱ्या ‘साहाय्यक’ आहेत. पगाराची नोकरी दुर्मिळ झाली आणि त्या दुर्मिळतेला ‘उद्योजकता’ हे गोंडस नाव मिळाले. प्रत्येक बचत गटाने मसाला, पापड आणि लोणचे करावे, प्रदर्शनात शेजारी-शेजारी टेबल मांडावे आणि एकमेकींचा भाव पाडावा, हा प्रकार नागपूरच्या कोणत्याही सरस मेळ्यात पाहावयास मिळतो. कर्जाचा हप्ता मात्र प्रत्येकीचा स्वतंत्र असतो आणि तो चुकला तर दारात येणारा वसुलीवाला मालिकेतल्या खलनायिकेपेक्षा पुष्कळ कमी रंजक असतो.

या शहराला स्त्रियांच्या आकांक्षा पडद्यावरून उसन्या घेण्याची गरज कधीच नव्हती. ज्या जाईबाई चौधरींनी ओझी वाहून पोट भरले, त्यांनीच १९२० च्या दशकात येथे अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हजारो स्त्रिया आल्या होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याशी बोलले. त्या परिषदेचे ठराव आज वाचले असता थक्क व्हावयास होते. घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीत्वाची चाल बंद व्हावी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा, दुखापत झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे. गिरण्यांतील स्त्रियांच्या खात्यांवर देखरेखीसाठी स्त्रीच नेमावी. मुलींसाठी वसतिगृहे निघावीत. नवऱ्यापासून मुक्त होण्याचा हक्क आणि मुकादमापासून मुक्त होण्याचा हक्क त्यांनी एकाच मांडवात मागितला. राधिकेने पंच्याहत्तर वर्षांनंतर पहिला मिळविला. दुसऱ्याची तिला आठवण असण्याचे कारण नव्हते, कारण ती आता मालक होती.

यातील पुष्कळशा स्त्रिया लिहू-वाचू शकत नव्हत्या. त्यांच्या इच्छा कोणत्या वाहिनीने घडविल्या? वस्तीवरच्या सभांनी, गाण्यांनी, आणि गिरणीच्या खात्यात रोज भोगलेल्या अन्यायाने. याच परंपरेत पुढे कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या आणि त्यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात या कार्यकर्त्या स्त्रियांच्या हकिगती नोंदविल्या नसत्या तर आज त्यांची नावेही कोणास ठाऊक नसती. नागपूरची नायिका शोधणाऱ्या वाहिन्यांना ते पुस्तक सापडले नाही एवढेच.

१९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारिणींनी मुंबईत लाटणे मोर्चा काढला तेव्हा लाटणे हे गृहिणीचेच चिन्ह होते. त्याने तेलाचा आणि रॉकेलचा हिशेब मागितला. १९८५ मध्ये दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ आली. तिच्या मागे त्या मोर्च्यांची हवा होती असे मानण्यास जागा आहे. ती गृहिणी होती, पण तिचे भांडण घराबाहेरच्या व्यवस्थेशी होते. नंतरच्या मालिकांत भांडण पुन्हा घरात आले. चळवळी रस्त्यावर असतात तेव्हा पडद्यालाही त्यांची दखल घ्यावी लागते. रस्ता रिकामा झाला की पडदा सासू-सुनांकडे वळतो. म्हणून मालिकांना दोष देताना स्त्रियांच्या संघटना, कामगार संघटना आणि समाजवादी पक्षही या काळात सातऱ्यापर्यंत किती वेळा गेले, याची नोंद घ्यावी लागेल. ती फारशी अभिमानास्पद नाही.

जाण्याचा मार्ग अगदीच अनोळखी नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची पंचायत १९९३ मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. चोर म्हणून हाकलल्या जाणाऱ्या बायांना त्यातून ओळखपत्र मिळाले आणि पुढे महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत किराणा बाजारातील माल चढविणे, उतरविणे, थप्पी लावणे, तोलणे यांच्या जोडीला माल निवडणे आणि साफ करणे ही कामेही दिलेली आहेत. मिरचीचा देठ खुडणे हे निवडणे व साफ करणे नव्हे काय? तसे ते ठरले, तर सातऱ्यावरील प्रत्येक बाईची मंडळाकडे नोंद करावी लागेल, तिची मजुरी मंडळामार्फत द्यावी लागेल, आणि भविष्यनिर्वाह निधी व बोनस यांसाठी व्यापाऱ्याला त्यावर आकारणी भरावी लागेल. भिवापूर व मांढळच्या सातऱ्यांवरील स्त्रियांची यादी करून असा अर्ज नागपूरच्या कामगार आयुक्तांकडे येत्या हंगामापूर्वी दाखल करता येईल.